एच-वन-बीचे आकडे काय सांगतात?

नोकरीसाठी मुलूख सोडणे आपल्याला नवे नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीनिमित्त बडोद्यात आले आणि इथलेच झाले. आज मुले अमेरिकेला निघतात. तिथे मात्र कामाला येण्याची परवानगी वेगळी आणि स्थायिक होण्याची वेगळी.

१९९० च्या कायद्याने 'एच-वन-बी' व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरवली. संगणक व्यवसायाच्या भरभराटीत ती १९९९ साली १,१५,००० आणि २००१ ते २००३ या काळात १,९५,००० झाली. २००४ साली ती पुन्हा ६५,००० वर आली. पुढे अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० ची भर पडली.

मर्यादा अशी ८५,००० ची असताना २०२३ च्या आर्थिक वर्षात सुमारे ३,८६,००० अर्ज मंजूर झाले. त्यांत भारतीय ७२ टक्के. हे कसे? पहिल्या नोकरीचे अर्ज होते सुमारे १,१९,०००. विद्यापीठे व संशोधन संस्थांना ही मर्यादा लागू नसते. बाकीचे मुख्यतः मुदतवाढीचे आणि नोकरी बदलण्याचे. म्हणजे नव्यांपेक्षा आधीच गेलेल्यांचीच गर्दी मोठी.

त्याचे एक मोठे कारण ग्रीन कार्डची रांग. नोकरीच्या आधारे ती वर्षाला साधारण १,४०,००० मिळतात. त्यांत पती-पत्नी, मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सामान्यतः ७ टक्केच. भारत असो वा आइसलँड, मर्यादा तीच.

शिक्षणासाठी कर्ज काढण्यापूर्वी घरात हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोलावे. व्हिसा मिळाला म्हणजे मूल तिथले झाले, असे नाही.