घरघर ओळखण्याची विद्या : संगणकाच्या आवाजांचा इतिहास

१/ एखाद्या गोष्टीचा शेवट जवळ आला, की तिला ‘घरघर लागली’ असे मराठीत म्हणतात. संगणकाच्या बाबतीत हा वाक्प्रचार अनेकदा शब्दशः खरा ठरला. कित्येक दशके यंत्राचे दुखणे पडद्यावर दिसण्याआधी कानांना कळत असे. त्या ऐकण्याच्या विद्येचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभी हा आवाज हेतुपुरस्सर निर्माण केला जाई. सिडनी येथील ‘सायरॅक’ या संगणकावर नोव्हेंबर १९४९ मध्ये पहिली आज्ञावली चालली. त्याला ध्वनिक्षेपक जोडलेला होता. आज्ञावलीच्या ठरावीक टप्प्यांवर आवाज करण्याची आज्ञा घातली जाई; काम कुठवर आले, हे त्यावरून कळे. मँचेस्टरच्या ‘फेरांटी मार्क १’ लाही असाच भोंगा होता.

३/ ही परंपरा घरगुती संगणकातही उतरली. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सुरू होतानाच स्वतःची तपासणी करण्याची सोय होती. एक छोटा ‘बीप’ म्हणजे सारे ठीक. पडदाच चालत नसेल, तर दोष सांगणार कसा? म्हणून वेगवेगळ्या दोषांसाठी बीपच्या वेगवेगळ्या खुणा ठरल्या.

४/ दुसऱ्या प्रकारचा आवाज मात्र कोणी योजलेला नव्हता. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची! १९८० मध्ये सीगेटची ५ मेगाबाइटची छोटी हार्ड डिस्क आली आणि १९८३ च्या पीसी एक्सटीसोबत १० मेगाबाइटची डिस्क टेबलावर विसावली.

५/ हार्ड डिस्कमध्ये तबकडी अखंड फिरते आणि तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर वाचणारे हेड तरंगते. हेड धरणारा दांडा आत-बाहेर धावतो, तेव्हा बारीक खरखर ऐकू येते. हा रोगाचा नव्हे, श्रमाचा आवाज. परंतु ती खरखर थांबेचना, तर?

६/ त्याचे एक उत्तर १९६८ मध्येच मिळाले होते. पीटर डेनिंग यांनी ‘थ्रॅशिंग’चे विवेचन केले. स्मृती अपुरी पडली, की यंत्र स्मृती व डिस्क यांच्यात माहितीची ने-आण करण्यातच दमते; मूळ काम खोळंबते. मोठ्या संगणकांचे हे दुखणे १९९० च्या दशकात घरोघरी आले. उपाय साधा होता: रॅम वाढवणे.

७/ दुसरे कारण विखुरलेपणाचे. एकाच फाइलचे तुकडे तबकडीवर दूरदूर पडले, की दांड्याची धावपळ वाढते. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये ते तुकडे पुन्हा जुळवणारी ‘डीफ्रॅग’ ही आज्ञावली आली. पडद्यावर एकेक चौकोन जागेवर बसताना पाहणे हा त्या पिढीचा ओळखीचा अनुभव.

८/ याहून निराळा आवाज म्हणजे ठरावीक अंतराने होणारी टकटक. हेडला आपली जागा सापडत नाही; दांडा मागे जातो, पुन्हा प्रयत्न करतो. खराब झालेला भाग डिस्क वारंवार वाचू पाहते, म्हणून संगणकही मंदावतो. अशा वेळी टकटक आणि मंदपणा ही एकाच रोगाची दोन लक्षणे असतात.

९/ या टकटकीला कुप्रसिद्धी मिळाली ती आयोमेगाच्या झिप ड्राइव्हमुळे. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या झिपच्या एका चकतीत १०० मेगाबाइट मावत; फ्लॉपीत जेमतेम १.४४. पुढे ‘क्लिक ऑफ डेथ’च्या तक्रारी वाढल्या आणि १९९८ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला.

१०/ त्या प्रकरणाचा सर्वांत कटू धडा निदानाविषयीचा होता. चकती वाचली जात नाही, म्हणून लोक ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहत. चकतीची कड फाटलेली असेल, तर त्या ड्राइव्हचे हेडही जायबंदी होऊ शके. तपासणीच रोग पसरवीत होती!

११/ मग कानांवर विसंबण्याऐवजी डिस्कनेच स्वतःची नोंद ठेवावी, असा विचार पुढे आला. १९९० च्या दशकात त्यातून ‘स्मार्ट’ ही पद्धत घडली. तापमान, वाचनातील चुका, बदललेले सेक्टर या साऱ्यांची मोजणी डिस्क स्वतःच करू लागली.

१२/ परंतु २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार सर्वांत ठळक खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. नोंदवही कोरी, म्हणून प्रकृती ठणठणीत, असे म्हणता येत नाही.

१३/ आज बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. त्यात तबकडी नाही, दांडा नाही, म्हणून टकटकही नाही. पंख्याची घरघर ऐकू आली, तर ती बहुधा धुळीची वा उष्णतेची, साठवणीची नव्हे. एसएसडी एका क्षणी, कसलीही चाहूल न देता बंद पडू शकते.

१४/ या साऱ्या इतिहासातून एक क्रम हाती लागतो. टकटक ऐकू आली किंवा फाइल उघडायला अकारण वेळ लागू लागला, तर आधी प्रत काढावी, मग कारण शोधावे. डीफ्रॅगसारखे उपाय त्या क्षणी करू नयेत. थकलेल्या दांड्याला ते अधिकच पळवतात. आणि यंत्र मूक असेल, तर प्रत आजच काढावी. डिस्क नवी विकत मिळते. तिच्यावरचे एकुलते एक छायाचित्र मिळत नाही.