ग्रंथनिवड, महाविद्यालयीन (हिंगोली जिल्हा)
ग्रंथनिवड, महाविद्यालयीन : महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कोणते ग्रंथ खरेदी करावयाचे, हे ठरविण्याची पद्धती. हिंगोलीचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाचे (स्थापना १९१८) माध्यम उर्दू असल्याने मराठीतील उच्च शिक्षणाची ग्रंथपरंपरा येथे उशिरा रुजली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर येथील महाविद्यालये त्यास जोडली गेली. परभणीतून हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला.

रूढ पद्धतीनुसार विभागप्रमुख अभ्यासक्रमास अनुसरून शिफारशी करतात, ग्रंथपाल त्या विद्यमान संग्रहाशी ताडून पाहतो व ग्रंथालय समिती मान्यता देते. तुटपुंज्या निधीत क्रमिक पुस्तकांच्या अनेक प्रती घ्याव्यात की संदर्भग्रंथ, हा यातील मूळ पेच होय. पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यास क्रमिक पुस्तकाची प्रत अत्यावश्यक असते. परंतु केवळ तीच घेतल्यास त्याचे वाचन परीक्षेपुरते उरते. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हे शि. रा. रंगनाथन यांचे सूत्र (१९३१) या दोन्ही गरजांना लागू पडते. ‘एन-लिस्ट’ योजनेने २०१० पासून मुख्यतः इंग्रजी ई-ग्रंथ सुलभ केले. मराठी संदर्भग्रंथांची निवड मात्र ग्रंथपाल व अध्यापक यांच्या विवेकावरच अवलंबून राहिली.