नऊ धावा

दौंड हे माझं आजोळ. नाना रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुट्टी लागली की आम्ही शिरूरहून एस.टी.नं दौंडला जायचो. रात्री अंगणात खाट टाकली की नाना एक गोष्ट हमखास सांगत. पुण्याच्या मैदानावर एक गडी खेळतोय, कुणालाच बाद होत नाही आणि शेवटी समोरचा राजाच खेळ टाकून निघून जातो. "राजा रूठ गया, बेटा," असं म्हणून नाना बिडी पेटवत. ही गोष्ट त्यांनी मनानंच रचली असावी, असं मला बरीच वर्षं वाटे.

पण ती खरी निघाली. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना झाला. काठियावाडचा डाव 238 धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले ते उभेच राहिले. कमल भांडारकरांनी 205 धावा केल्या आणि दुसऱ्या विकेटसाठी दोघांनी 455 धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी खेळ मध्यंतरासाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. निंबाळकर 494 मिनिटं खेळून नाबाद 443 वर होते. त्यात 49 चौकार आणि एक षटकार. डॉन ब्रॅडमन यांनी 1930 मध्ये केलेल्या नाबाद 452 या विश्वविक्रमाला नऊच धावा कमी होत्या.

काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो, असं त्यांनी सांगितलं. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाला कायमचं चिकटावं, हे त्यांना नको होतं. मनधरणी झाली, पण उपयोग झाला नाही. पाहुणे निघून गेले. सामना महाराष्ट्राला मिळाला आणि नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच.

त्याच वर्षी काठियावाडातली संस्थानं विलीन झाली होती. राज्य गेलं, उरला तो मान. तोही मैदानात जातोय असं वाटलं असेल का? हा आपला माझा तर्क.

याच काठियावाडातल्या जुनागढला जन्मलेला एक मुलगा फाळणीत कराचीला गेला. त्याचं नाव हनीफ मोहम्मद. 1959 मध्ये कराचीत ब्रॅडमनचा विक्रम त्यानं मोडला. पाचशेवी धाव घ्यायला धावला आणि 499 वर धावबाद झाला. बहावलपूरचा संघ शेवटपर्यंत मैदानात होता, म्हणून तर त्याला धावबाद करता आलं! निंबाळकरांना बाद व्हायचीही संधी मिळाली नाही.

निंबाळकर पुढे रेल्वेकडूनही खेळले, त्यामुळे नानांच्या लेखी ते घरचेच. अधिकृत कसोटी मात्र त्यांच्या वाट्याला एकही आली नाही. 11 डिसेंबर 2012 रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव पूर्ण झाली असती. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी आजही त्यांचीच आहे.

ठाकोरसाहेबांना मी फार नावं ठेवत नाही. दहावीत असताना शिरूरला घोड नदीकाठच्या माळावर आमची मॅच होती आणि आमच्या आळीचा कॅप्टन मी होतो. समोरचा एक पोरगा शहाण्णववर पोचला. गावात अजून कुणाचं शतक झालं नव्हतं. दिसत नाही, अंधार पडला, असं म्हणून मी स्टंपा उपटल्या आणि पोरांना घेऊन घरी आलो. उजेड चांगला अर्धा तास होता.

मध्यंतरी शिरूरच्या स्टँडवर तो भेटला. केस पिकलेले, सोबत नातू. मला बघून हसला आणि नातवाला म्हणाला, "हे बघ, आपले शायरसाहेब. ह्यांच्याकडं माझ्या चार रना बाकी आहेत."

मी त्या दोघांना चहा पाजला.