खिशातल्या चाकूची जन्मतारीख

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते. तलवारीला पोवाडे मिळाले, संग्रहालयात काचेची पेटी मिळाली. पण ज्या पात्याने माणसाने बोरूची लेखणी तासली, पेन्सिलीला टोक काढले, सुतळी कापली आणि दुपारच्या सुट्टीत कांदा चिरला, त्या घडीच्या चाकूला इतिहास असू शकतो, हे कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. आम्ही काही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात झाले. या चाकूच्या नादाला लागण्याचे कारणही युनियनच्या कामातूनच निघाले.

महापे हे एके काळी ठाणे खाडीच्या बाजूचे भातशेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जमिनी कारखान्यांकडे गेल्या आणि १९७० साली सिडको आल्यावर भोवती नवी मुंबई उभी राहू लागली. ज्यांची शेते गेली त्यांतील कितीतरी घरांतील मुले त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत कामाला लागली. असेच एक निवृत्त कामगार काही वर्षांपूर्वी आमच्या महाप्यातील कचेरीत आले. रुमालात गुंडाळलेला एक चाकू त्यांनी टेबलावर ठेवला. मूठ सांबरशिंगाची, पाती दोन, पाठीची कमान अजून खणखणीत. ते म्हणाले, “साहेब, हा आमच्या आजोबांचा. सत्तावन्नच्या बंडातल्या गोऱ्या शिपायाचा आहे म्हणतात. चोरबाजारातला एक व्यापारी चांगली किंमत द्यायला तयार आहे. पण त्याला लेखी दाखला पाहिजे. तुम्ही युनियनच्या कागदावर दोन ओळी लिहून द्या.”

नातीच्या फीची मुदत जवळ आली होती. माणूस आमच्या ओळखीचा, सचोटीचा, संपाच्या दिवसांत आमच्याबरोबर उपाशी राहिलेला. दोन ओळी लिहायला आमचे काय जाणार होते? तरीही आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. ती का मागितली, हे सांगायचे तर आधी एक जुना खटला सांगावा लागेल.

एका कारखान्याने काही कामगारांचा हिशेब पुरा केल्याच्या पावत्या न्यायालयात दाखल केल्या होत्या. पावत्यांवर तारीख २००७ ची, खाली कामगारांचे अंगठे. कागद जुना दिसत होता, शाई फिकी होती. पण छापील रकमेच्या आधी रुपयाचे नवे चिन्ह होते. ते चिन्ह भारत सरकारने स्वीकारले २०१० साली! पावती कोणाच्याही हातची असो, ती २०१० पूर्वीची असणे शक्य नव्हते. त्या एका चिन्हाने कामगारांचे पैसे मिळवून दिले. तेव्हापासून आमच्या मनात एक नियम पक्का बसला: वस्तूचे वय तिच्या सर्वांत जुन्या खुणेवरून ठरत नाही; ते तिच्या सर्वांत तरुण खुणेवरून ठरते. जुनी खूण नव्या वस्तूवर बसू शकते, पण नवी खूण काळाच्या मागे जाऊ शकत नाही.

हाच नियम चाकूला लावायचा. चाकू उघडला की पाते जेथे मुठीत शिरते, त्या पात्याच्या बुडाशी बहुधा ठसा असतो. आमच्या पाहुण्याच्या चाकूवर तारा आणि माल्टी क्रूस अशी जोडखूण होती. ही खूण इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीची. या खुणेची नोंद १६८२ सालची, आणि १८२२ साली या पेढीला राजाचे चाकूवाले म्हणून सनद मिळाली. त्याच वर्षी त्यांनी १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढे त्यात पाती वाढवत जाण्याची प्रथा ठेवली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्यांनी केलेला पंचाहत्तर पात्यांचा व अवजारांचा नॉरफोक चाकू शेफील्डमध्ये आजही जपलेला आहे. अशा पेढीचे नाव दिसले की व्यापाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटणारच.

पण पेढीचे नाव म्हणजे तारीख नव्हे. तारखेचा पहिला धागा मिळतो तो मुकुटाच्या दोन बाजूंच्या अक्षरांत. सनद असलेले चाकूवाले राज्यकर्त्याची आद्याक्षरे ठशात घालीत. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी. आर. म्हणजे जॉर्ज; आणि जॉर्ज तर अनेक झाले. आमच्यापुढच्या चाकूवर जी. आर. होते. आता पाहा, १८५७ साली गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. त्या वर्षीच्या नव्या चाकूवर जॉर्जची अक्षरे कशी येतील? आम्ही हे व्यापाऱ्याला फोनवर विचारले. तो मुळीच डगमगला नाही. म्हणाला, “मग तो चौथ्या जॉर्जच्या वेळचा, १८३० पूर्वीचा असेल. म्हणजे आणखी जुना. किंमत वाढली!”

व्यापाऱ्याची हुशारी आम्हाला आवडली, पण त्याच पात्याच्या दुसऱ्या अंगावर आणखी एक शब्द होता, स्टेनलेस. न गंजणारे हे पोलाद शेफील्डच्याच प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली ओतले. लगेच पहिले महायुद्ध आले आणि पोलाद लढाईकडे वळले. अशी पाती सर्रास दिसू लागली ती १९१८ नंतर. म्हणजे आमचा जॉर्ज हा पाचवा, १९१० ते १९३६, किंवा सहावा, १९३६ ते १९५२. चाकू पहिल्या महायुद्धानंतरचा आणि १९५२ च्या आसपासपर्यंतचा. बंडातला शिपाई तेथेच निकालात निघाला.

ज्यांना अशा वस्तू जमवण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी आणखी काही खुणा सांगतो. ठशात देशाचे नाव आहे का, ते पाहावे. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती केली; हिंदुस्थानातही १८८९ साली व्यापारी खुणांचा कायदा झाला. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असेल तर चाकू जुना असण्याचा संभव असतो, आणि ‘इंग्लंड’ असेल तर तो बहुधा १८९० नंतरचा. जर्मनीतील झोलिंगेन हे पोलादी पात्यांचे दुसरे मोठे गाव. तेथील हेंकेल्स पेढीची जुळ्यांची खूण १७३१ पासूनची आहे, तर गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण १९३८ साली मिळाले. स्विस सैनिकी चाकू करणारे कार्ल एल्सेनर यांनी आईच्या स्मरणार्थ ‘व्हिक्टोरिया’ हे नाव १९०९ साली घेतले, आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या नावाचा तुकडा जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले ते १९२१ साली. हे नाव असलेला चाकू कोणी पहिल्या महायुद्धातला म्हणून विकू लागला तर नमस्कार करून उठावे.

मूठही बोलते. सेल्युलॉइड हा कृत्रिम पदार्थ १८७० नंतरचा, बेकेलाइट १९०९ नंतरचा. मुठीच्या टोकांना असणारा पांढरा धातू पुष्कळदा जर्मन सिल्व्हर असतो. त्यात चांदीचा कणही नसतो, तांबे, निकेल आणि जस्त असते. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये. शेवटी खिळे पाहावे. बाकीची मूठ झिजलेली आणि खिळे मात्र कोरे असतील, तर पाते किंवा मूठ मागाहून बदललेली असण्याचा संशय धरावा. दुरुस्त केलेल्या चाकूला दोन जन्मतारखा असतात आणि त्या दोन्ही सांगणे हाच प्रामाणिकपणा.

ठसा पुसट असेल तर खडूची पूड हलकेच चोळावी आणि तिरक्या उजेडात भिंग धरावे. काही झाले तरी पॉलिश कागदाने घासू नये, धार लावणाऱ्याच्या चाकावर तर मुळीच देऊ नये. घासल्याने चाकू चकाकतो आणि पुरावा नाहीसा होतो. तेलाचा एक थेंब आणि कोरडी जागा एवढे पुरे. आणि कायदाही ध्यानात ठेवावा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरकामाचे वा शेतीचे नसलेले चाकू शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येतात. मोठ्या रामपुरीचा शौक करणाऱ्यांनी हे आधी वाचावे. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. घरात वारशाने आलेली वस्तू बाजारात नेण्यापूर्वी जाणत्या वकिलाला विचारावे. आमच्या पाहुण्यालाही आम्ही हे सांगितले, आणि व्यापाऱ्याने त्याला हे का सांगितले नव्हते, हेही विचारले.

सांबरशिंगाची गोष्ट निघालीच आहे. शेफील्डच्या चाकूंना हिंदुस्थानातील सांबराचे शिंग फार पसंत असे. शिंग आपल्या जंगलातले. ते बोटीने इंग्लंडला जायचे, मूठ होऊन परत यायचे आणि आपलाच माणूस ते रोख पैसे मोजून विकत घ्यायचा. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ओघाविषयी जे मोठ्या आकड्यांनी मांडले, ते या चार इंचांच्या मुठीत मावते.

पण म्हणून शेफील्डचा कामगार गबर झाला होता असे समजू नका. ठशातले नाव पेढीचे असते. पाते घडवणारा, घासणारा आणि जुळवणारा यांची नावे त्यावर नसतात. कितीतरी कारागीर भाड्याच्या खोलीत, भाड्याच्या चाकावर, नगावर काम करीत. वालुकाश्माच्या चाकावर पाते घासताना दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जायची. त्या शहरातील डॉ. नाइट यांचे निरीक्षण एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे: कोरडी घासाई करणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने जेमतेम पस्तीस वर्षांचे, आणि पाणी सोडून घासणारेही पंचेचाळिशी क्वचितच ओलांडीत. याच शहरातील करवतघाशांच्या संघटनेने संघ सोडणाऱ्यांची अवजारे पळवली, १८६६ साली एकाच्या घरात दारू उडवली, आणि १८६७ च्या चौकशीत संघाचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने आपला हात कबूल केला. आम्ही युनियनची माणसे हे पान झाकून ठेवीत नाही. ते पाप होते आणि ते आमच्याच चळवळीतले होते. पण ज्या धुळीने माणसे मरत होती तिची चौकशी गावभर गाजली नाही, दारूची गाजली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने दगडाच्या धुळीचा हा रोग, सिलिकोसिस, कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला. पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींत ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना या धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता आमच्या पाहुण्याकडे परत येऊ. आठव्या दिवशी ते आले. आम्ही सगळे पुरावे त्यांच्यापुढे मांडले आणि दाखला देता येणार नाही म्हणून सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “साहेब, दोन ओळींनी कोणाचे काय बिघडणार होते?” आम्ही म्हणालो, “दादा, त्या २००७ च्या पावतीवर सही करणारा कारकूनही असेच म्हणाला असेल.” त्यांनी चाकू उचलला आणि काही न बोलता निघून गेले. त्या रात्री आम्हाला झोप नीट लागली नाही. खरे बोलण्याची किंमत दुसऱ्याने द्यायची असली की ते बोलणे फार सोपे वाटते, हे आम्हाला ठाऊक होते.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी चाकूबरोबर पितळेचा एक बिल्लाही होता. मुठीच्या धातूवर खिळ्याने ओरखडलेला एक आकडा होता. आम्ही तो पाहिला होता, पण व्यापाऱ्याचा जुना साठ्याचा क्रमांक असेल म्हणून सोडून दिला होता. घरच्या पेटीत तळाशी आजोबांचा मुंबई गोदीतला बिल्ला निघाला. आकडा तोच. आजोबा १९३८ साली गोदीवर लागले, हे घरात सर्वांना माहीत होते. म्हणजे चाकू गोऱ्या शिपायाचा नव्हता. तो बोटीतले गाठोडे सोडणाऱ्या, सुतळी कापणाऱ्या एका गोदी कामगाराचा होता. आपल्या हत्याराची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने त्यावर आपला नंबर घातला होता. जो पुरावा आम्ही फालतू समजलो, तोच खरा निघाला. भिंग आमच्या हातात होते, पण पेटी त्यांच्या घरात होती.

चाकू विकला गेला नाही. फीची सोय पतपेढीच्या कर्जातून झाली आणि ते कर्ज ते अजून फेडीत आहेत; तेव्हा खरेपणाचे बक्षीस मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. दाखला मात्र आम्ही दिला, युनियनच्याच कागदावर: “शेफील्ड येथे तयार झालेला, पहिल्या महायुद्धानंतरचा, मुंबई गोदीतील एका कामगाराच्या वापरातील चाकू.” त्याखाली बिल्ल्याचा आकडा लिहिला.

श्रोतेहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादी पेटी असेल आणि तिच्या तळाशी असे काही गंजत पडले असेल. ते बाहेर काढा, पण ते राजाचे होते का, हे आधी विचारू नका. त्यावरची सर्वांत तरुण खूण कोणती आणि सर्वांत हलका ओरखडा कोणाचा, हे पाहा. तारीख पहिली खूण सांगेल. मालक कोण होता, ते दुसरा सांगेल.