यंत्राचें मराठी निवेदन

डहाणू-तलासरीच्या कित्येक पाड्यांवर घरची बोली वारली, शाळेची मराठी. इंग्रजी त्याहि पलीकडची. तेथील विद्यार्थी डेबियन लिनक्सच्या संगणकावर नवा प्रोग्राम बसवूं लागला, कीं ‘ॲप्ट’ हा पॅकेज-व्यवस्थापक आपलें काम ओळीओळीनें सांगत जातो: काय उतरविलें, काय जुळविलें, काय काढलें जाणार. न समजतां ‘होय’ म्हटलें, तर चालतें यंत्र बंद पडूं शकतें.

हें निवेदन मुळांत इंग्रजी. तें मराठींत आणण्याचें काम मुंबईच्या सी-डॅकमधील ‘जनभारती’ गटानें केलें. संदेशांचीं भाषांतरें वेगळ्या फायलींत असतात. वापरणारानें निवडलेल्या भाषेप्रमाणें प्रोग्राम त्यांतून ओळ उचलतो. 2009 सालच्या ‘लेनी’ आवृत्तीपासून डेबियन बसविण्याचा विधीहि मराठींत आला.

खरी अडचण लिपीची. लिनक्सच्या साध्या मजकुरी पडद्यावर ठराविक चौकटी, आणि फार तर 512 आकृति. आपलीं जोडाक्षरें त्यांत कशीं मावावीं? म्हणून मराठीसाठीं चित्रमय पडदाच लागतो. त्यांतहि एक गंमत अशी, कीं अत्यावश्यक पॅकेज काढण्यापूर्वीं ॲप्ट पूर्वीं संमतीचें अख्खें वाक्य लिहून मागत असे. तें वाक्यहि भाषांतरित झाल्यानें मराठींतच लिहावें लागे, आणि देवनागरी कळफलक नसणारा तेथेंच अडे!

2025 सालच्या 3.0 आवृत्तींत काढावयाचीं पॅकेजें तांबड्या रंगांत व बसवावयाचीं हिरव्या रंगांत दिसूं लागलीं. नको असल्यास हे रंग सेटिंगच्या फायलींतील एका ओळीनें बंद करतां येतात.