फराहबागेचे पाणी

आठवीच्या वर्गात निजामशाहीचा पाठ चालू होता. अहमदनगरच्या फराहबागेचे वर्णन मी मोठ्या थाटात करीत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझं आजोळ नगर जिल्ह्यात आहे. उन्हाळ्यात तिथं टँकर येतो. मग राजाच्या बागेला पाणी कुठून येत होतं?" बांधणाऱ्यांची नावे मला पाठ होती, सालही पाठ होते. पाण्याचे मात्र काहीच ठाऊक नव्हते. "पाहून सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनात सलत राहिला.

मे महिन्याच्या सुट्टीत योग आला. चित्रकलेचे सर, गणिताचे सर, मी आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक वडीलधारे स्नेही, ज्यांना आम्ही सारे 'चाचा' म्हणतो, असे चौघे पुण्याहून पहाटेच्या एस.टी.ने निघालो. सोबत चपात्या, अंड्याची भुर्जी, कैरीचे लोणचे आणि चाचांच्या आग्रहावरून पाण्याच्या सहा बाटल्या. २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. ऊन मात्र पूर्वीचेच.

शहराच्या आग्नेयेस, लष्कराच्या रणगाडा संग्रहालयापासून जवळच फराहबाग आहे. बाग म्हणून जाल तर निराश व्हाल. कोरड्या पडलेल्या प्रचंड हौदाच्या मधोमध एक अष्टकोनी, दुमजली महाल उभा आहे. चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटलेला, कमानी उघड्या. चित्रकलेचे सर लगेच सावली शोधून कागद-पेन्सिल घेऊन बसले. आम्ही आत गेलो आणि थबकलो. बाहेर अंग भाजत होते. आत दोन मजल्यांइतक्या उंच दिवाणखान्यात चक्क गारवा होता! जाड भिंती, उंच छत आणि चहूबाजूंच्या कमानींतून खेळणारी हवा. "आणि भोवती पाणी असेल तेव्हा?" चाचा म्हणाले. "वारा पाण्यावरूनच आत येणार. बर्फाविना गारवा!"

महाल १५८३ साली पुरा झाला. त्या वेळी मुर्तजा निजामशहा (१५६५-१५८८) गादीवर होता. कामाची सुरुवात वजीर चंगीजखानाने केली असे सांगतात. शेवटास नेले ते सलाबतखानाने. राजा दरबार सोडून इथे येऊन राही आणि फत्तेशाह नावाच्या दिल्लीच्या गवयाबरोबर बुद्धिबळ खेळे. या गवयासाठी त्याने बागेत लक्कडमहाल नावाची वेगळी इमारतही बांधली होती. विजयनगरच्या रामराजाकडून मिळालेले रत्नहार त्याने फत्तेशाहला देऊ केले. सलाबतखानाने हातचलाखीने नकली हार दिले. ते उघडकीस येताच राजाने जडजवाहीर आगीत टाकले, अशी हकीकत तवारिखेत आहे. लोक त्याला 'दिवाणा' म्हणू लागले. इकडे राज्याचा गाडा ओढीत होता सलाबतखान, आणि अखेरीस राजाने त्यालाच कैदेत टाकले. आपल्याकडे बागेचे कौतुक करताना हा भाग गाळण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही.

१५८८ साली खुद्द राजपुत्र मिरान हुसेनने बापाचा जीव घेतला. त्या धामधुमीत राजाच्या पहाऱ्यावर होता इतिहासकार फिरिश्ता. तोही मारला जायचा. पण राजपुत्राने त्याला ओळखले व वाचवले, कारण दोघे लहानपणी एकत्र शिकले होते. वर्गमित्राची ओळख त्या दिवशी उपयोगी पडली नसती, तर दक्षिणेच्या इतिहासाचा एक मोठा ग्रंथ आपल्याला मिळालाच नसता!

पण माझा प्रश्न पाण्याचा होता. जेवणे झाल्यावर चाचांनी हौदाच्या काठाने मला फिरवले आणि समजावून सांगितले. नगरला पाऊस वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस इंच. म्हणून निजामशाहीत शहराबाहेरच्या उंच भागांतून, कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा गावांकडून, भुईखालून नळ आणले. भाजक्या मातीचे म्हणून 'खापरी नळ'. जमिनीला हलकासा उतार दिला की पाणी आपल्या पायाने चालत येते. मोट नको, बैल नको. भुईखालून असल्याने उन्हात आटत नाही. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी व गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले असतात. इराणी कारागिरीशी या कामाचे नाते आहे. "यात अवघड काय असेल तर बांधणं नव्हे," चाचा म्हणाले, "दर वर्षी गाळ काढणं. खात्यात माझा जन्म गेला, मला विचारा."

१६३६ साली निजामशाही संपली. उपसणारे हात गेले, नळ बुजत गेले, आणि पाणी थांबले की बाग किती दिवस राहणार?

परतताना एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. चंगीजखानाने विकत घेतलेला एक हबशी गुलाम होता, अंबर. तोच पुढे मलिक अंबर झाला आणि खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, त्याने भुईखालून नहर आणली. नगरचे नळ त्याने रोज पाहिले असणार.

जूनमध्ये शाळा उघडताच चित्रकलेच्या सरांचे चित्र मी फळ्याशेजारी लावले आणि खडूने उतार, नळ व उच्छ्वास काढून दाखवले. मुलीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, मग ते नळ आता कोणी साफ का करत नाही?"