रंगात आलेला राक्षस

गेल्या दिवाळीत पुण्याची भाचरे नांदगावला आली, ती येताना एक नवाच खेळ घेऊन आली. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. चार कागद, पेन्सिली आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे. त्यांत एक तर चक्क वीस बाजूंचा. एकाने गोष्ट सांगावयाची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हावयाचे. कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. 'समोर अंधारी गुहा आहे, आता काय करता?' असे गोष्ट सांगणाऱ्याने विचारावयाचे, ज्याने त्याने आपापल्या पात्राच्या तोंडाने उत्तर द्यावयाचे, आणि बेत साधला की फसला ते फाशाने ठरवावयाचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा खेळ बाजारात आणला आणि पुढे तो जगभर पसरला, असे भाचीने मला सांगितले. गोष्ट सांगण्याचे काम तिच्याकडे होते.

पहिल्या दिवशी खेळ छान रंगला. दुसऱ्या दिवशी नात्यातलाच एक मुलगा त्यात सामील झाला आणि तासाभरात खेळाचा विचका झाला. गुहेत कुणी पाऊल टाकण्याआधी हा तलवार उपसून आत शिरे. दुसऱ्याची पाळी आली तरी हाच बोले. फासा उलटा पडला की 'तो कलला होता' म्हणून वाद घाली. शेवटी कंटाळून त्याने आपल्याच सोबत्याचा, म्हणजे बिचाऱ्या मांत्रिकाचा, मुडदा पाडला. मांत्रिक आठ वर्षांचा होता; तो रडत स्वयंपाकघरात गेला. भाची फासे गोळा करून माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसली.

"मामा, तुम्ही शाळेत दर वर्षी नाटक बसवता. असला गडी निघाला तर काय करता हो?"

मी म्हटले, "बाई, हा प्रश्न तुझ्या अमेरिकेहून जुना आहे. आपल्याकडे तो सांगलीला निघाला."

तिला जे त्या संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगितले, तेच येथे जरा नीट मांडतो.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने राजेसाहेबांपुढे खेळ केले. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना त्यातली सोंगे आवडली, पण असे काही अधिक नीटसपणे मराठीत व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. ते काम त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांवर सोपवले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' सांगलीच्या राजवाड्यात झाले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमीदिन म्हणून आपण पाळतो तो यामुळे.

हे नाटक आजच्या नाटकासारखे नव्हते, आणि माझ्या मुद्द्याची सारी गंमत तेथेच आहे. भाव्यांनी लिहिली ती पदे. भाषणे लिहिली नाहीत. सूत्रधार एका अंगाला साथीदार घेऊन उभा राही आणि गोष्ट पदांतून सांगत जाई. पद संपले की पात्राने त्या पदाचा आशय धरून आपल्या पदरचे बोलावयाचे. रामाने काय बोलावे, रावणाने काय उत्तर द्यावे, हे कुणी पाठ केलेले नसे. ते त्या रात्री, त्या क्षणी, त्या नटाच्या डोक्यातून येई. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती ताडकन उठून बसली. म्हणाली, "म्हणजे आमचाच खेळ की!" फाशांचा भाग सोडला तर तिचे खोटे नव्हते.

मग ज्याला स्वतःच्या पदरचे बोलण्याची मुभा आहे, तो कुठे थांबेल? देवाची पात्रे सोज्ज्वळ, ऋषींची गंभीर, स्त्रीपात्रे शोकाकुल. या सर्वांना आपापल्या स्वभावाचेच कुंपण असे. कुंपण नव्हते ते राक्षसाला. राळेचा भपका उडाला, झांजा खणखणल्या आणि राक्षस आरोळी ठोकून आत आला की प्रेक्षकांतली पोरे आयांच्या कुशीत शिरत. त्या आरोळीवरूनच या नाटकांना पुढल्या पिढीने 'अललडुर्र' असे थट्टेचे नाव ठेवले. राक्षस रंगात आला की तलवारीचे हात संपता संपत नसत. नटाला टाळी मिळे, कंठ फुटे, आणि समोरच्या रामाला तोंड उघडायला सवड मिळेनाशी होई. आजच्या मुलांच्या खेळात तलवार उपसून पुढे धावणारा जो भिडू असतो, त्याचा हा थेट पूर्वज.

पण भाव्यांच्या रचनेत त्याला आवर होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. सूत्रधार राक्षसाशी वाद घालीत बसत नसे. तो पुढचे पद सुरू करी. पदाचा सूर निघाला की पात्राचे बोलणे आपोआप मिटले. राक्षसाने कितीही गर्जना कराव्यात, पुढच्या पदात त्याचा वध लिहून ठेवलेला होता आणि ते पद म्हणणारा तो नव्हे. बोलण्याची मोकळीक नटाला, गोष्टीची दोरी सूत्रधाराला, अशी ही वाटणी. सूत्र धरतो तो सूत्रधार हे आपण शाळेत मुलांना शिकवतो; ते सूत्र कशासाठी धरावयाचे ते भाव्यांकडून शिकावे.

आमच्याच नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा-पेठकडच्या डोंगरी गावांत बोहाडा होतो. तेथे या प्रश्नाचे आणखी एक उत्तर सापडते. मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगे नाचत येतात. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने नाचवावयाचे ते पूर्वापार ठरलेले असते. गणपतीच्या घरच्याने गणपती व्हावे, दैत्याच्या घरच्याने दैत्य. दैत्य कितीही उत्तम नाचला तरी तो देवीची पाळी घेऊ शकत नाही, कारण ती त्याची नव्हेच, शेजाऱ्याची आहे. ज्याला पुढल्या वर्षीही त्याच शेजाऱ्यांत नाचावयाचे आहे, तो फार उधळत नाही.

राजेसाहेब १८५१ साली वारले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे प्राप्त झाले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकिटे लावून खेळ केले. त्यांच्या धाटणीवर इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. लवकरच इंग्रजी शिकलेल्यांना या आरोळ्यांचा वीट आला. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी १८६१ साली 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले, त्यात भाषणे अक्षरशः लिहिलेली होती. आता बोलक्या नटाच्या तोंडाला लगाम पडला. जे छापले आहे तेवढेच बोल. बंदोबस्त चोख खरा, पण त्यात राक्षसाबरोबर राक्षसाची मजाही गेली असे मला अजून वाटते. असो.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्याच्या संगीताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष वेधते ती दुसरीच गोष्ट. अण्णासाहेबांनी सूत्रधाराला नांदी आणि प्रस्तावनेपुरते ठेवले, आणि पदे पात्रांच्याच तोंडी दिली. गोष्ट सुंदर झाली यात शंका नाही. पण भाव्यांच्या सूत्रधाराच्या हातात जी दोरी होती, ती आता खुद्द गाणाऱ्या नटाच्या हातात आली. पूर्वी पद सुरू झाले की नट थांबे. आता नटाचे पद थांबवणार कोण?

प्रेक्षक तर थांबवणार नव्हतेच. 'वन्समोअर' हा शब्द मराठीत असा रुळला की आजीलासुद्धा त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यासाठी लोक येत, पुढे बालगंधर्वांसाठी येत. एकेका पदाला पुनःपुन्हा वन्समोअर मिळे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. त्या वेळी शेजारी उभा असलेला, दोनच वाक्ये असलेला नट काय करीत असेल? हातात भाला घेऊन तो उभा असेल, आणि आपले वाक्य विसरू नये म्हणून मनात घोकत असेल. रंगभूमीच्या इतिहासात त्याचे नाव नाही. मला मात्र शाळेतल्या तालमीत तो दर वर्षी भेटतो.

कंपनीच्या बिऱ्हाडात या गोष्टींवर उपाय होते. तालीममास्तराचा दरारा हा त्यांतला मोठा. गोविंद बल्लाळ देवलांसारखा शिक्षक असला म्हणजे पुष्कळ गोष्टी पडद्यामागेच निभावत. पण धुसफूस पैशाची आणि मालकीची झाली की तालीम अपुरी पडे. किर्लोस्कर मंडळीत नानासाहेब जोगळेकर १९११ साली वारले आणि कारभार शंकरराव मुजुमदारांकडे राहिला. बेबनाव वाढत गेला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्याआधी, १९०८ सालीच, केशवराव भोसल्यांनी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून ललितकलादर्श काढली होती. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांनी किर्लोस्कर सोडून बळवंत संगीत मंडळी काढली. आणि गंमत पाहा, ज्या तिघांनी भागीदारीत गंधर्व मंडळी काढली, त्यांतले टेंबे आणि बोडस हेही काही वर्षांत तेथून बाहेर पडले.

कोण चुकले, कोण बरोबर होते, हा निवाडा करावयाला मी बसलेलो नाही. बोडसांचे 'माझी भूमिका' वाचावे, टेंब्यांचे 'माझा जीवनविहार' वाचावे, कोल्हटकरांचे 'बहुरूपी' वाचावे. ज्याची त्याची बाजू वाचताना ज्याची त्याची पटते. मला एवढेच दिसते की जे फुटून गेले ते बहुधा मंडळीतले उत्तमच होते. मठ्ठ नट कंपनी फोडीत नाही. तो भाला घेऊन उभा राहतो.

१२ मार्च १९११ ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले. ज्या नटाच्या गाण्यापायी रात्र पुरत नसे, तोच हा नट. त्याला खेळापेक्षा स्वतःची मिरवणूक प्यारी होती, असे त्या दिवसानंतर कोण म्हणेल? त्याची हौस आणि त्याची निष्ठा वेगळ्या काढता येत नाहीत.

हे मला उशिरा समजले, आणि ते समजण्याची किंमत दुसऱ्याने दिली. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. गावाचे नाव कशाला. संमेलनात प्रल्हादाचे नाटक होते आणि हिरण्यकश्यपूच्या कामात एक धिप्पाड, काळासावळा मुलगा होता. तालमीला सर्वांच्या आधी येई. बाके हलवी, मुकुटाला सोनेरी कागद चिकटवी, दुसऱ्यांचीही भाषणे त्याला पाठ. प्रयोगाच्या रात्री त्याला जो जोर चढला, तो आवरेना. मी लिहिलेले भाषण संपले, त्याने स्वतःचे सुरू केले. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग त्याने आणखी एक जोडले. प्रल्हाद गोंधळून गप्प झाला. पुठ्ठ्याच्या खांबात नरसिंह घामाघूम होऊन उभा. अखेर खांब फोडून तो बाहेर आला, तर हा मरेना! चांगली पाच मिनिटे झुंजला. पाहुणे पोट धरून हसत होते आणि मी विंगेत जळत होतो.

पुढल्या वर्षी मी त्याचे नाव यादीतून काढले. कारण सांगितले नाही. तालमीच्या खोलीबाहेर तो दोन दिवस खिडकीशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आला नाही. त्या वर्षीचे नाटक अगदी शिस्तीत पार पडले. मला त्यातले आज काहीही आठवत नाही.

भाचीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकदा बसून ठरवावं. काय चालेल, काय नाही. आम्ही ते केलंच नव्हतं." मला हे पटले. सांगलीच्या सूत्रधाराला सगळी पदे आधी माहीत असत, तसेच ते.

तिला मी १९२१ चीही एक गोष्ट सांगितली. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या, दोघींची चुरस उभ्या महाराष्ट्राला ठाऊक. पण टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघींनी मिळून 'मानापमान' केले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री दोघेही कुणाच्या हाताखाली नव्हते. दोघांच्याही वर एक काम होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले, म्हणून ती रात्र तेवढीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुले पुन्हा ओसरीवर बसली. भाचीने त्या तलवारबहाद्दराला तिरंदाजही केले नाही, चोरही केले नाही. "गुहेतले सगळे राक्षस तू," तिने सांगितले. "पाहिजे तेवढं ओरड. पण मी 'पुढे' म्हटलं की थांबायचं, आणि मरायचं केव्हा ते मी सांगणार." तो आधी घुटमळला. मग त्याने स्वयंपाकघरातून कालच्या मांत्रिकाला हाताला धरून आणले, कारण मारायला कुणीतरी हवे होते.

मी आत वर्तमानपत्र वाचीत होतो. बाहेरून अशी आरोळी आली की शेजारच्या काकू, भांडी घासता घासता, कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. दिवेलागणीपर्यंत राक्षस चार वेळा मेला. त्यांतले एक मरण मांत्रिकाला इतके आवडले की ते त्याला पुन्हा करून दाखवावे लागले.